डेलियाची निवड फोटोवरून का करू नये

हंगाम जवळ आला की डेलियाचे फोटो सगळीकडे दिसू लागतात. माणसाचा चेहरा झाकला जाईल एवढी फुले, एकावर एक रचलेल्या पाकळ्यांचे थर, दुधाळ गुलाबीपासून जवळजवळ काळ्या वाटणाऱ्या तांबड्यापर्यंतचे रंग. ते पाहून कंद मागवले जातात आणि मग दरवर्षीचेच प्रश्न सुरू होतात. कंद चांगला टणक आणि मोठा होता, तरी महिना उलटून गेल्यावरही कोंब का आला नाही? झाड कमरेएवढे वाढले, पण फूल का धरत नाही? फूल आले, पण फोटोतल्या फुलाच्या निम्म्यानेही का नाही? गेल्या वर्षीचे बी जपून पेरले, तर भलत्याच रंगाची फुले कशी आली?

या प्रश्नांवर बहुधा खतपाण्याचा सल्ला मिळतो आणि तो बऱ्याचदा वाया जातो, कारण यांतल्या बहुतेक गोष्टी खत घालण्याच्या कितीतरी आधी, वाण आणि कंद निवडतानाच ठरून गेलेल्या असतात. डेलिया हे मुळीच नखरेल झाड नाही. ते कोणत्या हवेतून आले आहे, त्याचा कोंब नेमका कुठून फुटतो आणि दिवसाच्या लांबीला ते कसा प्रतिसाद देते, एवढे कळले की लागवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचत जातात.

डोंगरावरचे झाड

डेलियाचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील उंच डोंगराळ प्रदेशात आहे. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, दिवस उबदार असले तरी रात्री थंड असतात आणि हिवाळा कोरडा जातो. पावसात भरभर वाढायचे, पावसाच्या अखेरीस फुलायचे आणि कोरड्या काळात वरचा भाग वाळवून जमिनीखालच्या कंदांवर तग धरायचा, ही या झाडाची जन्मजात रीत आहे. मेक्सिकोहून पाठवलेल्या बियांपासून वाढलेल्या झाडांचे शास्त्रीय वर्णन माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानातील आंतोनियो होसे काव्हानिय्येस यांनी 1791 मध्ये प्रसिद्ध केले आणि तिथून हे फूल युरोपभर पसरले. मेक्सिकोने 1963 मध्ये डेलियाला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

हा इतिहास माळीकामाच्या दृष्टीने गौण वाटेल, पण त्या डोंगरी हवामानातच पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ आहे. डेलियाला ऊन हवे, पण भाजून काढणारे नको. पाणी हवे, पण साचलेले नको. थंड रात्री हव्यात, पण दहिवर गोठवणारी थंडी चालत नाही. दिवसाचे तापमान 20 ते 25 अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून आठ-दहा अंशांनी कमी, अशी हवा जिथे तीन-चार महिने सलग मिळते, तिथे डेलिया उत्तम येतो. थंड देशांत हा काळ उन्हाळ्यात येतो आणि उष्ण प्रदेशांत पावसाळा ओसरल्यावर व हिवाळ्यात. म्हणून लावणीचा महिना पुस्तकात किंवा पाकिटावर शोधण्यापेक्षा आपल्याकडे हा काळ कधी येतो हे पाहावे आणि तिथून मागे मोजावे. लावणीपासून पहिले फूल येईपर्यंत वाणानुसार साधारण अडीच ते चार महिने लागतात. लहान फुलांची वाणे लवकर फुलतात, प्रचंड फुलांची सर्वांत उशिरा.

एक फूल म्हणजे पुष्कळ फुले

सूर्यफूल, शेवंती, झेंडू आणि डेलिया ही सगळी एकाच कुळातली. आपण ज्याला डेलियाचे फूल म्हणतो ते प्रत्यक्षात अनेक लहान फुलांचे डोके असते. या लहान फुलाला पुष्पक म्हणतात. कडेच्या प्रत्येक पुष्पकाला एकच लांब पट्टी असते आणि तिलाच आपण पाकळी समजतो. मध्यभागीची पुष्पके बारीक, नळीसारखी असतात आणि पराग तिथेच मिळतो. एकेरी डेलियात कडेला पट्ट्यांची एकच रांग आणि मध्ये पिवळी चकती दिसते. दुहेरी डेलियात मधल्या पुष्पकांची जागा पट्ट्यांनी घेतलेली असते आणि चकती झाकली जाते, किंवा फूल पुरते वयात येईपर्यंत दिसतच नाही.

पट्टीचा आकार कसा आहे यावरून डेलियाचे गट पाडले जातात. पट्ट्या रुंद आणि सपाट असल्या तर तो सजावटी गट. कडा मागे वळून पट्टी सुईसारखी झाली असेल तर कॅक्टस. कडा आत वळून पट्ट्या मधाच्या पोळ्यासारख्या नेमक्या रचलेल्या असतील, तर फूल मोठे असल्यास बॉल आणि पाच सेंटीमीटरच्या आत असल्यास पाँपॉन. कमळासारखे उथळ, मोजक्या पट्ट्यांचे फूल असेल तर वॉटरलिली. कॉलरेट गटात बाहेरच्या पट्ट्या आणि मधली चकती यांच्यामध्ये आखूड पट्ट्यांची कॉलर असते. गट याहून जास्त आहेत, पण घरच्या बागेसाठी एवढी ओळख पुरते.

रंग आणि आकारांची एवढी विविधता येते कुठून, याचे उत्तर पेशीत आहे. बहुतेक प्राण्यांत आणि पुष्कळ वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतल्या डेलियात आठ असतात. प्रत्येक गुणाच्या इतक्या प्रती एकाच झाडात वावरत असल्यामुळे बी तयार होताना त्यांची सरमिसळ जवळजवळ अमर्याद प्रकारे होते. बियांपासून आईसारखे झाड मिळत नाही ते याच कारणाने. यात पेरणाऱ्याचा दोष नसतो आणि बी विकणाऱ्याचाही नसतो.

निवड: आधी जागा, मग वाण, शेवटी रंग

बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात. रंग आवडतो, फोटो आवडतो आणि जागेचा विचार कंद हातात आल्यावर सुरू होतो. खरे तर पहिला प्रश्न उन्हाचा असला पाहिजे. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर मोठ्या फुलांच्या वाणांचा नाद सोडलेला बरा. झाड उजेडाच्या दिशेने लांबट वाढते, दांडे कमकुवत होतात आणि कळ्या मोजक्याच येतात. दुपारचे ऊन फार तीव्र असेल, तर सकाळचे पूर्ण ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली अशी जागा अधिक चांगली.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा आणि उंचीचा. डेलियाचा दांडा आतून पोकळ असतो. चार-पाच फूट उंचीच्या पोकळ दांड्यावर पावसाने भिजलेले मोठे फूल आले की तो वाकत नाही, मोडतो. ज्यांच्या बागेत वारा भणाणत असतो किंवा ज्यांना आठवड्याला सुतळी आणि काठ्या घेऊन उभे राहणे जमणार नाही, त्यांनी दोन फुटांपर्यंत वाढणारी बुटकी वाणे निवडावीत. ही वाणे लहान फुलांची असली तरी एका वेळी कितीतरी फुले देतात आणि बागेत रंग भरण्याचे काम तीच खऱ्या अर्थाने करतात.

तिसरा प्रश्न फूल कशासाठी हवे आहे हा. फुलदाणीत ठेवायला बॉल आणि पाँपॉन सर्वांत टिकाऊ. त्यांच्या पट्ट्या घट्ट असतात, दांडे कणखर असतात आणि पावसाच्या सरीनेही ती फारशी विस्कटत नाहीत. मधमाश्या आणि फुलपाखरे यावीत अशी इच्छा असेल तर एकेरी आणि कॉलरेट निवडावीत, कारण दुहेरी फुलांत पराग आणि मध यांच्यापर्यंत पोहोचायला वाटच नसते. पर्णसंभाराचाही विचार करावा. कार्डिफमध्ये 1924 साली तयार झालेले ‘बिशप ऑफ लॅन्डाफ’ हे वाण लाल फुलांइतकेच काळपट जांभळ्या पानांसाठी प्रसिद्ध आहे, आणि फुले नसतानाही ते वाफ्यात उठून दिसते.

आता त्या प्रचंड फुलांविषयी. जाहिरातींत ज्यांना ‘डिनरप्लेट’ म्हणतात, तो डेलिया मंडळांच्या वर्गीकरणातला गट नाही. ते विक्रीसाठी रूढ झालेले नाव आहे. वर्गीकरणात व्यासाची मोजमापे असतात आणि साधारण 25 सेंटीमीटरच्या वरचे फूल सर्वांत मोठ्या वर्गात मोडते. पण ते मोजमाप प्रदर्शनासाठी वाढवलेल्या झाडाचे असते. त्यासाठी झाडावर चार-सहाच दांडे ठेवलेले असतात, बाकीच्या कळ्या काढून टाकलेल्या असतात आणि हवामान मनासारखे मिळालेले असते. तेच झाड मोकळे सोडले तर फूल बरेच लहान येते. शिवाय अशी झाडे उशिरा फुलतात आणि फुलांची संख्या कमी असते. एखाद-दुसरे हौसेने जरूर लावावे, पण सगळा वाफा त्यांचाच करणे हा मला तरी शहाणपणाचा सौदा वाटत नाही.

वाणाच्या नावाकडेही लक्ष द्यावे. केवळ ‘मिश्र रंग’ किंवा ‘मोठा गुलाबी’ असे लिहिलेला कंद घेतला, तर त्याची उंची, फुलण्याचा काळ आणि फुलाचा आकार यांपैकी काहीच कळत नाही. नाव असलेल्या वाणाची माहिती शोधता येते, आणि ‘कॅफे ओ ले’सारखे बहुचर्चित वाण आपल्या जागेला पेलेल का हे आधीच तपासता येते.

कंद मोठा, पण कोंब कुठे?

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. बटाटा हा जमिनीखाली फुगलेला खोडाचा भाग आहे, म्हणून त्याच्या अंगभर डोळे असतात आणि डोळा असलेला कुठलाही तुकडा लावला तरी उगवतो. डेलियाचा कंद हे फुगलेले मूळ आहे आणि मुळावर डोळे नसतात. डोळे असतात ते जुन्या दांड्याच्या बुंध्याशी, जिथे सगळे कंद एकत्र येतात त्या भागावर. या भागाला आपण मुकुट म्हणू. कंदाचा फुगीर भाग ही शिदोरी आहे. ती कितीही भरलेली असली तरी प्रवासाला निघणारा मुकुटावरच्या डोळ्यात असतो.

यावरून कंद पाहून घेण्याची रीत ठरते. चांगल्या कंदाला तीन गोष्टी लागतात: मुकुटाचा तुकडा, तो कंदाला जोडणारी न मोडलेली मान आणि टणक शरीर. मुकुट नसलेला सुटा कंद जमिनीत महिनोन्‌महिने टणक राहील, त्याला बारीक मुळेही फुटतील, पण कोंब येणार नाही. मान नुसती पिचलेली असली तरी शिदोरी आणि प्रवासी यांची गाठ पडत नाही. म्हणून कंद हातात घेतल्यावर मान हलक्या हाताने तपासावी. ती लुळी पडत असेल, तर कंद कितीही देखणा असला तरी लावणीला निरुपयोगी असतो.

डोळा ओळखायला नजर बसावी लागते. सुप्तावस्थेत तो टाचणीच्या डोक्याएवढा, सालीच्याच रंगाचा उंचवटा असतो आणि सालीवरच्या नुसत्या खरखरीत गाठीही तशाच दिसतात. शंका असेल तर कंद किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मुकुट उघडा ठेवून, उबदार जागी दोन-तीन आठवडे ठेवावा. खरा डोळा असेल तर तो फुगून गुलाबी किंवा हिरवट होतो आणि संशय उरत नाही.

कंदाच्या आकाराबद्दलचा समज इथेच दूर करायला हवा. बोटाएवढ्या कंदातून आणि मुठीएवढ्या कंदातून येणारी झाडे हंगामाच्या मध्यापर्यंत सारखीच होतात, कारण कोंबाला स्वतःची मुळे फुटली की शिदोरीची गरज संपते. उलट फार मोठा कंद कधीकधी नवी मुळे धरायला आळस करतो. काही वाणे जन्मतःच लहान कंद धरतात, आणि त्यांना कमी प्रतीची समजून फेकणे म्हणजे निव्वळ नुकसान. जाता जाता एक गोष्ट सांगायला हरकत नाही: या शिदोरीत बटाट्यासारखे स्टार्च नसते, तर इन्युलिन नावाचे वेगळे कर्बोदक असते.

मग बी लावूच नये का?

अवश्य लावावे, फक्त अपेक्षा योग्य ठेवावी. बियांपासून येणारे प्रत्येक झाड नवे असते. एकेरी आणि बुटक्या मिश्र वाणांसाठी बी हा सर्वांत सोपा मार्ग आहे; पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांत फुले येतात आणि त्याच हंगामात त्या रोपांना कंदही धरतात. एखादे फूल मनापासून आवडले तर त्याचा कंद जपला की ते झाड कायमचे आपले. पण ठरावीक नावाचे वाण हवे असेल तर बियांचा उपयोग नाही.

त्याच वाणाची अनेक झाडे हवी असतील, तर तिसरा मार्ग छाट कलमाचा. कंदातून आलेला कोंब सात-आठ सेंटीमीटरचा झाला की त्याला अगदी बुंध्याशी कापून ओलसर, भुसभुशीत माध्यमात लावतात. दोन-तीन आठवड्यांत त्याला मुळे फुटतात. मूळ कंदाला पुन्हा नवे कोंब येतात. कोंब कोवळा असतो तेव्हा त्याचा दांडा अजून भरीव असतो, आणि पोकळ झालेल्या दांड्यापेक्षा भरीव कोंब सहज मुळे धरतो. उष्ण प्रदेशांत पावसाळ्याच्या अखेरीस अशी कलमी रोपे लावण्याची पद्धत विशेष सोयीची ठरते, कारण थंडीचा छोटा हंगाम कोंबाची वाट पाहण्यात जात नाही.

लावणीच्या वेळी

माती भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थ असलेली आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी हवी. सामू, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कपणा, साडेसहाच्या आसपास असला की उत्तम, पण थोडे इकडेतिकडे झाले तर डेलिया कुरकुर करत नाही. चिकण माती असेल तर गादीवाफा करावा. माती 15 अंशांच्या आसपास उबदार झालेली असावी. गार आणि ओल्या मातीत कंद उगवण्याऐवजी कुजतो.

कंद दहा ते पंधरा सेंटीमीटर खोल, आडवा ठेवून, डोळा वरच्या बाजूला येईल असा लावावा. बुटक्या वाणांत 40-45 सेंटीमीटर आणि उंच वाणांत 60 ते 90 सेंटीमीटर अंतर ठेवावे. काठी याच वेळी रोवावी. रोप मोठे झाल्यावर काठी ठोकली तर ती नेमकी कंदातून आरपार जाण्याचा धोका असतो, आणि ती जखम कुजीला आमंत्रण देते.

माती मुळातच ओलसर असेल तर कोंब वर दिसेपर्यंत पाणी देऊ नये. हा सल्ला वाचून पुष्कळांचा विश्वास बसत नाही, पण त्यामागचे कारण साधे आहे: कंदाला अजून पाणी शोषणारी मुळे नाहीत आणि त्याच्याजवळ स्वतःचा ओलावा आहे. या टप्प्यात दिलेले पाणी फक्त कुजवणाऱ्या बुरशीच्या कामी येते. कोंब आल्यावर मात्र चित्र उलटे होते. पाने वाढू लागली की डेलिया भरपूर पाणी पितो. रोज शिंपडा मारण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर पाणी देणे चांगले, आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन असले की ओल टिकते.

खताच्या बाबतीत एकच पथ्य महत्त्वाचे आहे. नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त झाले की पाने गर्द आणि झाड डौलदार दिसते, पण दांडे पिचके राहतात, फुले कमी येतात आणि कंदही साठवणीत टिकत नाहीत. लावणीच्या वेळी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे आणि कळ्या धरू लागल्यावर पालाश, म्हणजे पोटॅश, जास्त असलेले खत बेताने द्यावे.

शेंडा का खुडायचा?

रोपाला पानांच्या चार जोड्या आल्या की मधला शेंडा खुडून टाकायचा, हे ऐकून नव्या बागकर्त्याचा जीव कळवळतो. पण शेंडा आहे तोवर तो खालच्या कोंबांना दबवून ठेवणारा संदेश देत राहतो. या रासायनिक संदेशाला ऑक्सिन म्हणतात. शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बगलेतला कोंब जागा होतो. एका दांड्याऐवजी सहा-आठ दांडे मिळतात आणि झाड ठेंगणे, भक्कम होते. पहिले फूल आठवडा-दोन आठवडे उशिरा येते, पण पुढे मिळणाऱ्या फुलांच्या मानाने ही किंमत फारच थोडी आहे.

कळ्या बहुधा तिनाच्या गुच्छात येतात: मध्ये एक ठळक आणि दोन्ही बाजूंना दोन लहान. मोठे फूल आणि लांब दांडा हवा असेल तर बाजूच्या दोन्ही कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढाव्यात. बागेत नुसता रंग हवा असेल तर हा खटाटोप करण्याची गरज नाही.

सुकलेली फुले मात्र सर्वांनीच काढायला हवीत, नाहीतर झाड बी भरण्याकडे वळते आणि नव्या कळ्या मंदावतात. इथे एक गोंधळ नेहमी होतो, कारण पट्ट्या गळून गेलेले जुने फूल आणि नवी कळी लांबून सारखीच दिसतात. नवी कळी गोल, किंचित चपटी आणि दाबल्यास टणक लागते. जुने फूल टोकदार, शंकूसारखे असते आणि दाबले तर मऊ व ओलसर लागते. एकदा दोन्ही शेजारी धरून पाहिली की पुन्हा चूक होत नाही. फुलदाणीसाठी फूल तोडायचे तर ते पहाटे किंवा सकाळी लवकर, तीन-चतुर्थांश उमललेले असताना तोडावे. डेलियाची कळी तोडल्यावर पाण्यात फारशी उमलत नाही.

झाड मोठे झाले, तरी फूल का नाही?

उन्हाची कमतरता आणि जास्त नत्र ही दोन कारणे वर आलीच. तिसरे कारण फारसे बोलले जात नाही, ते म्हणजे दिवसाची लांबी. डेलिया साधारण बारा ते चौदा तासांच्या दिवसात सहज कळ्या धरतो. दिवस याहून बराच मोठा असेल तर झाड फुलते, पण आधी पुष्कळ पाने आणि उंची वाढवून घेते. दिवस बारा तासांच्या खाली उतरू लागला की त्याचा कल कंद भरण्याकडे जातो. कोरडा काळ जवळ आल्याची ती सूचना असते. हंगामाच्या शेवटी दुहेरी वाणांच्या फुलांत अचानक मधली पिवळी चकती डोकावू लागते, ती बहुतेकदा याच बदलाची खूण असते. वाण बिघडलेले नसते.

चौथे कारण उष्णता. रात्रीही गारवा नसेल तर झाड दिवसभर तयार केलेले अन्न रात्री श्वसनात खर्च करून टाकते, कळ्या वाळतात किंवा फुले लहान आणि फिकी येतात. त्यामुळे मे-जूनसारख्या कडक उन्हाच्या महिन्यांत जिथे पारा रोज पस्तिशी ओलांडतो, तिथे खते बदलून काही साधत नाही. झाड जगवावे, सावली करावी, आच्छादन जाड ठेवावे आणि हवा पालटण्याची वाट पाहावी. अशा ठिकाणी पुढच्या खेपेला लहान फुलांची, लवकर येणारी वाणे घेणे हाच खरा उपाय.

ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. बुटकी वाणे तीस सेंटीमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच खोल कुंडीत चांगली येतात. मध्यम उंचीच्या वाणांना चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटरची कुंडी लागते. कुंडीतील माती लवकर वाळते आणि खतही पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या पण वारंवार द्याव्या लागतात. प्रचंड फुलांची वाणे कुंडीत लावू नयेत.

कीड, रोग आणि एक न बरा होणारा आजार

कोवळ्या कोंबांना गोगलगायी एका रात्रीत साफ करतात. संध्याकाळनंतर विजेरी घेऊन त्या वेचणे हा अजूनही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. मावा, फुलकिडे आणि कोरड्या हवेत लाल कोळी येतात. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा आणि गरज पडल्यास निंबोळी अर्क यांनी बहुतेक वेळा काम भागते. हंगामाच्या उत्तरार्धात पानांवर पांढरी भुकटी धरणारी भुरी येते. खालची पाने काढून झाडाच्या बुंध्याशी हवा खेळती ठेवली की ती आटोक्यात राहते.

विषाणूंची गोष्ट मात्र वेगळी आहे. शिरांलगत पिवळट पट्टे, वेडीवाकडी पाने, खुरटलेले झाड अशी लक्षणे वर्षानुवर्षे दिसत असतील तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. तो मावा पसरवतो, आणि कंदातून पुढच्या पिढीतही जातो. खतांच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात, म्हणून घाईने निर्णय घेऊ नये; पण खत देऊनही नवी पाने तशीच येत असतील तर झाड कंदासकट काढून टाकावे. बुंध्याशी फुलकोबीसारखी गाठाळ वाढ दिसली तर तो जिवाणूंमुळे होणारा गाठीचा रोग समजावा आणि तिथेही हेच करावे. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसण्याची सवय या दोन्हींसाठी उपयोगी पडते.

निळ्या डेलियाचे काय?

खरा निळा डेलिया अस्तित्वात नाही. फुलांना निळा रंग देणारी डेल्फिनिडिन गटातील रंगद्रव्ये हे झाड तयार करत नाही. त्याच्याकडे लाल, शेंदरी आणि जांभळट छटा देणारी द्रव्ये आणि पिवळा रंग देणारी द्रव्ये आहेत. आठ संचांची सरमिसळ कितीही झाली तरी जे मुळात नाही ते त्यातून येत नाही. गडद निळ्या डेलियाच्या बिया किंवा कंद म्हणून जे विकले जाते, त्यामागे फोटोवर केलेली रंगांची करामत असते. ‘निळा’ म्हणून नावाजलेली वाणे प्रत्यक्षात फिकी जांभळी असतात, आणि तेवढ्या अपेक्षेने घेतली तर ती सुंदरच आहेत.

कंद काढावेत की जमिनीतच ठेवावेत?

याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे: जमीन गोठते का आणि सुप्तावस्थेच्या काळात ती कोरडी राहते का. जमीन गोठत असेल तर कंद काढलेच पाहिजेत. जमीन गोठत नसली तरी झाड झोपलेले असताना मुसळधार पाऊस पडत असेल, तर निचरा नसलेल्या मातीत कंद कुजतात, म्हणून तिथेही काढणेच श्रेयस्कर. कुंडीतल्या झाडांचे काम यापेक्षा सोपे असते. वरचा भाग वाळल्यावर कुंडी तशीच कोरड्या आडोशाला ठेवली तरी चालते.

पाने पिवळी पडून दांडे वाळू लागले की ते जमिनीपासून वीतभर ठेवून कापावेत. पोकळ दांड्यात पावसाचे पाणी साचून थेट मुकुटापर्यंत जाऊ नये म्हणून वरून झाकावे. मग बुंध्यापासून एक फूट अंतरावर चहूबाजूंनी माती सैल करून सगळा जुडगा खालून उचलावा. दांडा धरून ओढला तर माना मोडतात आणि वर्षभराची मेहनत एका झटक्यात जाते. माती झटकून जुडगा सावलीत एक-दोन दिवस सुकवावा. नावाची चिठ्ठी याच वेळी दांड्याला बांधावी, कारण सुकल्यावर सगळे कंद सारखेच दिसतात.

जुडगा लगेच विभागायचा की पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. काढल्यानंतर लगेच मुकुट मऊ असतो आणि कापणे सोपे जाते, पण डोळे ओळखायला कठीण जातात. पुढच्या हंगामाच्या तोंडावर डोळे फुगलेले असतात, मात्र मुकुट लाकडासारखा टणक झालेला असतो. नवख्याने थांबावे. धारदार सुरीने प्रत्येक तुकड्यावर किमान एक डोळा, अखंड मान आणि एक कंद येईल अशी कापणी करावी.

साठवण 4 ते 10 अंश तापमानात, कोरड्या लाकडाच्या भुशात किंवा कोकोपीटमध्ये, हवा खेळेल अशा खोक्यात करावी. जिथे इतका गारवा मिळत नाही तिथे घरातली सर्वांत थंड, अंधारी आणि कोरडी जागा पाहावी आणि कंद सुटे न ठेवता जुडगा तसाच ठेवावा, म्हणजे ते कमी सुकतात. महिन्यातून एकदा खोके उघडून पाहावे. कंद सुरकुतले असतील तर भुशावर पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. एखादा मऊ पडला असेल तर तो काढून टाकावा आणि त्याच्या शेजारचे कंद कोरड्या भुशात हलवावेत. लावणीच्या वेळी लावलेला मूळ कंद हंगामाअखेर पुष्कळदा फुगून खरखरीत झालेला असतो आणि साठवणीत सर्वांत आधी तोच कुजतो, म्हणून विभागणीच्या वेळी त्याला बाजूला काढून नव्या, गुळगुळीत सालीच्या कंदांना प्राधान्य द्यावे.